जाहिरातीतले चिनी तारुण्य

तीस सेकंदांच्या जाहिरातीत पात्राची ओळख करून द्यायला दोन-तीन सेकंद मिळतात. ते कोण, कुठले, शिकलेले किती, खिशात पैसा किती, हे प्रेक्षकाला तेवढ्यात उमगावे लागते. नवे माणूस उभे करायला सवड नसते, म्हणून जाहिरात लोकांच्या मनात आधीच बसलेले माणूस उचलते. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ च्या ‘पब्लिक ओपिनियन’ या पुस्तकात मनातल्या अशा तयार चित्रांची चर्चा केली आणि पुढे साचेबंद प्रतिमा हा समाजशास्त्राचा नेहमीचा विषय झाला. अशी प्रतिमा सपशेल खोटी क्वचितच असते. बहुतेक वेळा ती कधीकाळी थोडीफार खरी असलेली, नंतर शिळी झालेली आणि तरीही चलनात राहिलेली असते.

चिनी तरुण-तरुणींची प्रतिमा एकाच हाताने घडलेली नाही. परदेशी कंपन्यांनी ती रंगवली, देशी कंपन्यांनी रंगवली, कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचारयंत्रणेने रंगवली. आणि समाजमाध्यमे आल्यापासून तरुण स्वतःच तिच्यात खाडाखोड करू लागले आहेत. या चौघांचे आपसात पटत नाही. एखादी जाहिरात मागे घेतली जाते, कंपनी माफी मागते, तेव्हा बातमी अपमानाची होते. पण मुळात तो चित्र कोणी काढायचे यावरून चाललेला जुना तंटा असतो. या तंट्याची एक खोड सुरुवातीलाच सांगितलेली बरी. तो डोळ्यांच्या आकारावरून आणि चॉपस्टिकवरून चटकन पेटतो. जाहिरातीत कोणत्या थरातला तरुण दिसतो आणि कोणत्या थरातला दिसतच नाही, यावरून मात्र तो क्वचितच पेटतो.

परदेशी जाहिरातीत चिनी माणूस आला तो तरुण म्हणून आलाच नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रेल्वेमार्गांवर आणि खाणींत राबायला गेलेले चिनी मजूर बरेचसे ऐन उमेदीतले होते. व्यापारी मालासोबत वाटल्या जाणाऱ्या रंगीत कार्डांवर मात्र ते वय नसलेले, लांब वेणीचे, तिरप्या डोळ्यांचे परीट झाले. चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा तिथे १८८२ मध्ये झाला. चार वर्षांनी इलिनॉय राज्यातल्या एका कंपनीने ‘मॅजिक वॉशर’ या धुलाईच्या मालाची जाहिरात छापली. तिच्यात अंकल सॅम चिनी परटांना लाथ मारून देशाबाहेर हाकलताना दिसतो. ‘रफ ऑन रॅट्स’ नावाच्या उंदीरनाशकाच्या जाहिरातीत चिनी माणूस उंदीर तोंडात घालताना दाखवला होता. पुढच्या शतकात द्वेष ओसरला आणि त्याच्या जागी थट्टा आली. १९७० च्या दशकात अमेरिकी टीव्हीवर गाजलेल्या कॅलगॉनच्या जाहिरातीत लाँड्रीचा चिनी मालक कपडे इतके स्वच्छ निघण्याचे श्रेय एका प्राचीन चिनी गुपिताला देतो, आणि आतून बायको ओरडते की कॅलगॉन संपले. विनोद निरुपद्रवी आहे, काहीसा चिनी पात्रांच्याच बाजूचाही आहे. पण तो चालतो तो चिनी म्हणजे प्राचीन हे गृहीत धरूनच. पुढच्या काळातल्या बऱ्याच परदेशी जाहिराती याच गृहीतकावर अडखळल्या.

खुद्द चीनमध्ये मात्र या विनोदाच्या कितीतरी आधी अगदी निराळे चित्र तयार होत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी शांघायमध्ये सिगारेट, साबण, कापड आणि औषधांच्या कंपन्या नववर्षाला ग्राहकांना दिनदर्शिकेचे मोठे चित्र भेट देत. परदेशी कंपन्यांनी आधी युरोपीय निसर्गदृश्ये आणि युरोपीय सुंदऱ्या छापून पाहिल्या. लोकांना त्या रुचल्या नाहीत, तेव्हा स्थानिक चित्रकारांना काम मिळाले. झेंग मानथुओ या चित्रकाराने कोळशाची बारीक पूड कागदावर घासून आधी छायाप्रकाश काढायचा आणि वरून जलरंगाचे पातळ हात द्यायचे, अशी रीत रूढ केली. त्या रीतीने रंगवलेल्या गालांवर रेघ म्हणून दिसत नाही. त्वचा जणू आतून उजळलेली वाटते. या चित्रांतली तरुणी आखूड केसांची, अंगासरसा छीपाव हा चिनी झगा घातलेली असते. ती सायकल चालवते, पोहते, टेलिफोनवर बोलते, कधी बोटांत सिगारेट धरते. ब्रिटिश अमेरिकन टोबॅको आणि तिची चिनी प्रतिस्पर्धी नानयांग ब्रदर्स या दोघींनीही तिला कामाला लावले. नानयांगने तिच्या जोडीला देशी मालाचा अभिमानही विकला. म्हणजे आधुनिकता आणि स्वदेशी यांची सांगड आजच्या जाहिरातशास्त्राने घातलेली नाही. शंभर वर्षांपूर्वी शांघायच्या छापखान्यांत ती घातली गेली होती.

१९१५ मध्ये छन दुश्यू यांनी काढलेले ‘नवतारुण्य’ हे मासिक आणि ४ मे १९१९ ला बीजिंगच्या रस्त्यांवर उतरलेले विद्यार्थी यांनी त्याच पिढीचा दुसरा चेहरा घडवला: राष्ट्राला जागे करणारा, जुन्या कुटुंबव्यवस्थेला आव्हान देणारा. दिनदर्शिकेवरच्या तरुणीने या चेहऱ्याकडून केस आणि कपडे घेतले, राजकारण घेतले नाही. पुढेही जाहिरात तरुणांच्या बंडातून एवढेच उचलत राहिली.

१९४९ मध्ये कम्युनिस्ट पक्ष सत्तेवर आल्यानंतर खासगी जाहिरात आक्रसत गेली आणि सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात, १९६६ ते १९७६ मध्ये, जवळजवळ दिसेनाशी झाली. भिंती मोकळ्या राहिल्या नाहीत. त्यांवर प्रचाराची पोस्टरे आली. लालबुंद गाल, वर सारलेल्या बाह्या, हातात पुस्तक किंवा हत्यार, आणि नजर चित्राच्या चौकटीबाहेर कुठेतरी उंचावर. मुलगा आणि मुलगी एकाच बांध्याची, एकाच निश्चयाची. या पोस्टरांना माल विकायचा नव्हता, तरी जाहिरातीच्या अभ्यासकाला ती टाळून पुढे जाता येत नाही. खालून वर पाहणारा कॅमेरा, एका दिशेने पाहणारा तरुणांचा घोळका, उगवतीचा प्रकाश हे व्याकरण आजच्या मोबाइल फोनच्या आणि खेळाच्या बुटांच्या जाहिरातीतही जसेच्या तसे सापडते.

जाहिरात परतली ती १९७९ च्या जानेवारीत, आर्थिक सुधारणांचा निर्णय झाल्यावर काही आठवड्यांतच. ४ जानेवारीला ‘तियानजिन डेली’ने टूथपेस्टची जाहिरात छापली. २८ जानेवारीला शांघाय टीव्हीवर एका पौष्टिक औषधी मद्याची जाहिरात झळकली. मार्चमध्ये स्विस राडो घड्याळ परदेशी माल म्हणून आले. सुरुवातीच्या वर्षांत पडद्यावर ग्राहकापेक्षा कारखानाच जास्त दिसे: यंत्रे, पदके, इमारत आणि शेवटी पत्ता. तरुण माणूस जाहिरातीत ठळकपणे यायला आणखी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. एकुलत्या एका अपत्याचे धोरण १९८० च्या आसपास देशभर लागू झाले, आणि त्या धोरणातली मुले नव्वदीनंतर हातात पैसे घेऊन बाजारात उतरली.

या मुलांना आधी ‘छोटे सम्राट’ म्हटले गेले. आई-वडील आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा अशी सहा माणसे ज्याच्या तैनातीला, तो लाडावलेला गुबगुबीत मुलगा हे १९९० च्या दशकातले लाडके चित्र होते, आणि खाऊ, दूध, फास्ट फूड यांच्या जाहिरातींनी ते पुरेपूर वापरले. केएफसीचे चीनमधले पहिले दुकान १९८७ मध्ये बीजिंगला उघडले होते. अशा दुकानांतला वाढदिवस हे मध्यमवर्गीय बालपणाचे चिन्ह ठरले. मुले मोठी झाल्यावर त्यांना दशकांची नावे पडली: ऐंशीनंतरचे, नव्वदीनंतरचे, दोन हजारनंतरचे. दर दहा वर्षांनी नवी मानवजात जन्मावी तसे बाजाराचे अहवाल त्यांच्याबद्दल बोलतात. ऐंशीनंतरचे स्वार्थी, नव्वदीनंतरचे विक्षिप्त, दोन हजारनंतरचे देशाभिमानी. पंधरा-वीस कोटींच्या आसपास माणसांना एकच स्वभाव चिकटवण्याचे हे काम परदेशी कंपनीने केले असते, तर त्याला वंशवादच म्हटले गेले असते.

‘एम-झोन’ ही चायना मोबाइलची तरुणांसाठीची सेवा २००३ मध्ये आली. तैवानी गायक जे चौ तिचा चेहरा होता आणि आपल्या इलाख्यात आपलेच चालणार, अशा अर्थाचे तिचे घोषवाक्य होते. स्वतःचे काही म्हणू पाहणाऱ्या पिढीला ते लगेच भावले. इलाखा म्हणजे प्रत्यक्षात स्वस्त एसएमएस, रिंगटोन आणि सवलती एवढाच होता, आणि तो पुरवणारी कंपनी सरकारी मालकीची होती. चिनी जाहिरातीवर ‘ब्रँड न्यू चायना’ हे २००८ चे महत्त्वाचे पुस्तक लिहिणाऱ्या अभ्यासक जिंग वांग यांनी संगीत आणि मोबाइल यांच्या आधाराने तरुणांना गाठण्याच्या अशा प्रयत्नांची चर्चा केली आहे. या जाहिरातींतला बंडखोर कोणाविरुद्ध बंड करतो, हे कधीच कळत नाही. तो केस रंगवतो, स्केटबोर्डवर उडी मारतो आणि जेवायच्या वेळेला घरी येतो.

दशकांचे हे गणित अंगाशीही येते. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची तीन सुवर्णपदके जिंकलेल्या ली निंग यांनी १९९० मध्ये आपल्याच नावाची क्रीडासाहित्य कंपनी काढली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकची ज्योत त्यांनी हवेतून धावत पेटवली, तेव्हा कंपनी शिखरावर होती. २०१० मध्ये तिने बोधचिन्ह बदलले आणि ‘नव्वदीनंतरचा ली निंग’ अशी मोहीम काढली. जे लोक वर्षानुवर्षे तिचे बूट घालत होते त्यांना आपण म्हातारे ठरवले गेल्यासारखे वाटले, आणि ज्यांच्यासाठी मोहीम होती ते नायके-आदिदासकडे वळलेलेच राहिले. २०१२ मध्ये कंपनी मोठ्या तोट्यात गेली.

परदेशी कंपन्यांची ठेच वेगळ्या दगडाला लागली. २००४ च्या अखेरीस नायकेने बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सला घेऊन केलेली ‘चेंबर ऑफ फिअर’ ही जाहिरात चीनमध्ये दाखवली. ब्रूस लीच्या चित्रपटाच्या धर्तीवर जेम्स एका मनोऱ्यात मजल्यामागून मजला चढत जातो आणि वाटेत कुंग-फूचा वृद्ध गुरू, पारंपरिक वेशातल्या स्त्रिया आणि ड्रॅगनची जोडी अशा सगळ्यांना हरवतो. तरुणांनी भीतीवर मात करावी हा संदेश होता, असे कंपनीने सांगितले. राष्ट्रीय प्रतिष्ठा आणि संस्कृती यांच्या रक्षणाचा नियम मोडला म्हणून प्रक्षेपणाच्या सरकारी नियामकांनी डिसेंबरमध्ये जाहिरात बंद केली, आणि नायकेने माफी मागितली. त्याच्या आगेमागे टोयोटाच्या प्राडो गाडीला दगडी सिंह सलाम ठोकताना दाखवल्याबद्दल आणि निप्पॉन पेंटच्या गुळगुळीत खांबावरून ड्रॅगन घसरल्याबद्दलही गहजब झाला. या दोन्ही जपानी कंपन्या होत्या, त्यामुळे युद्धाच्या आठवणी वर आल्या.

नायकेच्या जाहिरातीची गोम ड्रॅगनमध्ये नव्हती. ज्या तरुणाला बूट विकायचे होते तो चिनी तरुण त्या मनोऱ्यात कुठे नव्हताच. तिथे होते ते त्याचे आजोबा, त्याच्या पुराणकथा, आणि त्यांना चीत करणारा अमेरिकी नायक. त्याच नायकेने हर्डल्सपटू लिउ श्यांगला घेऊन केलेले काम शेजारी ठेवले की फरक दिसतो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ११० मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकून त्याने आशियाई माणूस वेगवान नसतो हा समज मोडला होता, आणि जाहिरातींनी नेमके त्यावरच बोट ठेवले. १८ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये दुखापतीमुळे तो शर्यत न धावताच परतला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत नायकेची पानभर जाहिरात होती: खेळ हृदय मोडतो तेव्हाही त्याच्यावर प्रेम करा, अशा आशयाची. हरलेला, दमलेला, पण साचा नसलेला चिनी तरुण जाहिरातीत दिसण्याचे हे दुर्मीळ उदाहरण म्हणावे लागेल.

सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती डॉल्चे अँड गबाना या इटालियन फॅशन कंपनीची. शांघायमधल्या भव्य शोच्या आधी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, तिने छोट्या चित्रफिती प्रसिद्ध केल्या. चमचमत्या लाल पोशाखातली चिनी मॉडेल चॉपस्टिकने पिझ्झा, स्पॅगेटी आणि कॅनोली नावाचे मोठे नळीसारखे गोड पक्वान्न खाण्याची धडपड करते, आणि पडद्यामागचा पुरुषी आवाज तिला मँडरिनमध्ये सूचना देतो. कॅनोलीच्या वेळी त्या सूचनांत सूचक चावटपणाही येतो. मागे लाल कंदील, तारवाद्याचा आवाज, आणि तिच्या चेहऱ्यावर लाजरे, गोंधळलेले हसू. शांघायमध्ये पिझ्झा खाणाऱ्या तरुणीला हाताचा वापर ठाऊक नाही, हे २०१८ मध्ये ज्याला सुचू शकते त्याने शहर पाहिलेले नसावे, किंवा पाहूनही आपल्या डोक्यातलेच शहर चित्रित केले असावे. त्यात सहसंस्थापक स्टेफानो गबाना यांच्या नावावरच्या खात्यातले चीनबद्दलचे अपशब्द समाजमाध्यमांवर फिरले. खाते हॅक झाल्याचे कंपनीने सांगितले. २१ नोव्हेंबरचा शो काही तास आधी रद्द झाला, चिनी ई-बाजारांनी माल उतरवला, दोन्ही संस्थापकांनी चित्रफितीतून माफी मागितली. दिग्दर्शकाच्या सूचनेप्रमाणे हसलेल्या मॉडेलवरही संतापाचा मोठा वाटा आला. जाहिरातीतला तरुण चेहरा आणि त्यामागची कल्पना यांची मालकी वेगवेगळी असते, ही गोष्ट अशा वेळी फारसे कोणी लक्षात घेत नाही.

डोळ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. बारीक, वर ओढलेले डोळे हे एकोणिसाव्या शतकातल्या व्यंगचित्रांचे ठरलेले चिन्ह. त्यामुळे जाहिरातीत ते दिसले की अपमानाची शंका येते. पण असे डोळे असणारी माणसे चीनमध्ये पुष्कळ आहेत. २०१९ मध्ये झाराने सौंदर्यप्रसाधनांसाठी नाकागालांवर वांगाचे बारीक ठिपके असलेल्या चिनी मॉडेलचा चेहरा जसाच्या तसा छापला, तेव्हा काहींना तो चीनला कुरूप दाखवण्याचा डाव वाटला आणि काहींना दिलासा. नोव्हेंबर २०२१ मध्ये डिओरच्या शांघायमधल्या प्रदर्शनातले एक छायाचित्र गाजले. छिंग राजवटीच्या काळातल्या वेशाची आठवण करून देणारा पोशाख, काळवंडलेली नखे, निर्विकार मुद्रा. छायाचित्र काढणाऱ्या चेन मान या चिनी होत्या, आणि माफीही त्यांनीच मागितली. परदेशी बाजाराला हवा असलेला पूर्वेकडचा गूढपणा स्वतःच्याच हाताने पुरवणे, हा आरोप त्यांच्यावर होता. एडवर्ड सैद यांनी १९७८ च्या ‘ओरिएंटॅलिझम’मध्ये मांडलेला, पूर्वेचे चित्र पाश्चात्त्यांनीच रचल्याचा विचार इथे उलटा फिरून घरी येतो.

महिनाभरात, डिसेंबरमध्ये, वाद ‘थ्री स्क्विरल्स’ या सुकामेव्याच्या अस्सल देशी कंपनीपर्यंत पोहोचला. तिच्या दोन वर्षे जुन्या जाहिरातीतल्या मॉडेलचे डोळे बारीक म्हणून कंपनीने जाहिरात काढली आणि माफी मागितली. आपले डोळे जन्मतःच असे आहेत, बारीक डोळ्यांच्या माणसाने चिनी असू नये काय, असा सवाल त्या मॉडेलने वेइबो या समाजमाध्यमावर केला. तो बिनतोड होता. व्यंगचित्राला विरोध करता करता विरोधकांनी मोठे डोळे, गोरी कांती, उभट चेहरा असा दुसरा साचा देशाच्या नावावर चढवला होता, आणि तो साचा पापणीवर शस्त्रक्रिया करून देणाऱ्या दवाखान्यांच्या जाहिरातीतल्यासारखाच होता. शंका सरसकट निराधार असते असेही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये स्वॉच या स्विस घड्याळ कंपनीने पुरुष मॉडेल डोळ्यांचे कोपरे बोटांनी ताणताना दाखवला. तो हावभाव शाळेच्या मैदानावरच्या चिडवण्यातला आहे, आणि त्याला दुसरा अर्थ लावणे अवघड होते. कंपनीने माफी मागून जाहिरात काढली.

चिनी चिन्हे चिनी कंपनीने वापरली की त्यांचा अर्थ पालटतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये ली निंग कंपनी न्यूयॉर्कच्या फॅशन सप्ताहात उतरली, छातीवर चिनी अक्षरे आणि लाल-पिवळे रंग घेऊन. जे आठ वर्षांपूर्वी बोधचिन्ह बदलून जमले नव्हते ते आता जमले. तरुण तिच्याकडे परतले. देशी वळणाच्या या लाटेला ‘ग्वोछाओ’ म्हणतात. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयाच्या नावाने लिपस्टिक निघाल्या, हांगझौच्या हुआशित्झ कंपनीने प्रसाधनांवर नाजूक कोरीवकाम केले. बगळे, ढग, ड्रॅगन सगळे परत आले. परदेशी कंपनीच्या हाती हाच ड्रॅगन अपमान ठरला असता. कारण स्पष्ट आहे: इथे ड्रॅगन अंगावर घालणारी तरुणी चित्राच्या मध्यभागी आहे, तिला हरवायला कोणी आलेले नाही. तरी या लाटेतही तरुणाने कसे असावे याचा नवा नियम दडलेला आहे. मार्च २०२१ मध्ये, सक्तीच्या मजुरीच्या आरोपांमुळे शिंजियांगचा कापूस नाकारल्यावरून, एच अँड एम, नायके यांच्यावर बहिष्काराची हाक आली, तेव्हा तरुण नट-गायकांनी एका दिवसात करार तोडले. देशी बूट घालणे ही आवड राहिली नव्हती, निष्ठेची खूण झाली होती.

स्त्रीच्या वाट्याला आलेला साचा लग्नाचा आहे. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी आई-वडील उघडलेल्या छत्र्यांवर मुलामुलींची माहिती लावून बसतात: वय, उंची, शिक्षण, पगार, घर आहे की नाही. सत्तावीस-अठ्ठावीस ओलांडलेल्या अविवाहित, शिकलेल्या मुलींना ‘शिल्लक’ म्हणण्याची पद्धत २००७ च्या सुमारास अखिल चीन महिला महासंघासारख्या सरकारी संस्थेनेही उचलून धरली होती. एसके-टू या प्रसाधनांच्या कंपनीने एप्रिल २०१६ मध्ये त्या बागेत चित्रफीत केली. मुलींनी छत्र्यांवरच्या माहितीच्या जागी आपली छायाचित्रे आणि आपले म्हणणे लावले, आणि ते वाचून आई-बापांचे डोळे पाणावले. चित्रफीत जगभर पाहिली गेली. तिच्यातल्या सगळ्या तरुणी शहरी, सुस्थितीतल्या आणि नितळ कांतीच्या आहेत. स्वातंत्र्याचा पुरावा म्हणून महागड्या क्रीमकडे नेणारी वाट अशाच चेहऱ्यांमधून जाते. तरीही त्या काळात एवढ्या थेट बोलणाऱ्या जाहिराती फार नव्हत्या, हे मान्य करायला हवे. पुढच्याच वर्षी आयकियाच्या जाहिरातीत आई मुलीला बजावत होती, की जोडीदार घरी आणणार नसशील तर मला आई म्हणू नकोस. आणि ऑडीच्या वापरलेल्या गाड्यांच्या जाहिरातीत सासू भर लग्नमंडपात नवरीचे नाक, कान, दात तपासत होती. ग्राहकांच्या रागामुळे दोन्ही मागे घ्याव्या लागल्या.

पुरुषाचा साचा स्त्रीच्या खरेदीने बदलला. मुलायम चेहऱ्याचे, सडसडीत, मेकअप केलेले तरुण नट २०१५ नंतर लिपस्टिक आणि फेस मास्कच्या जाहिरातींत सर्रास दिसू लागले, कारण ते विकत घेणाऱ्या तरुणींना ते आवडत होते. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारी नियामकांनी प्रक्षेपकांना असे ‘बायकी’ सौंदर्य दाखवू नका, असे फर्मावले. त्याच वर्षी काही तारे कलंकित झाल्याने ब्रँडही धास्तावले होते. काहींनी आभासी तारे जवळ केले. संगणकीय गायिका लुओ थियानयी २०१२ पासून पंधरा वर्षांचीच आहे. तिला घोटाळा करता येत नाही.

पक्ष, बाजार आणि तरुण यांचा त्रिकोण सगळ्यांत स्वच्छ दिसला तो ३ मे २०२० रोजी. युवकदिनाच्या आदल्या दिवशी बिलिबिली या व्हिडिओ कंपनीने ‘मागून येणाऱ्या लाटा’ नावाची चित्रफीत सरकारी वाहिनीवर आणि आपल्या मंचावर दाखवली. हे बिंग नावाचे पन्नाशी ओलांडलेले नट नव्या पिढीच्या स्वातंत्र्याचे गोडवे गातात, आणि पडद्यावर तरुण आकाशातून उड्या मारतात, समुद्रात बुड्या घेतात, शर्यतीच्या गाड्या हाकतात, परदेशी हिंडतात. महासाथीची टाळेबंदी नुकतीच सैल होत होती. पदवीधरांना नोकऱ्या नव्हत्या. वडीलधाऱ्यांना चित्रफीत फार आवडली. तरुणांतल्या पुष्कळांनी विचारले की हे तरुण राहतात कुठे. वर्गाचा प्रश्न जाहिरातीवरून उघड विचारला गेला, असे क्वचित घडते. त्यापूर्वी, २०१७ मध्ये, निराशेलाच विक्रीला काढण्याचा खेळही झाला होता: शांघायमध्ये दोन इंटरनेट कंपन्यांनी काही दिवसांपुरते चहाचे दुकान उघडले आणि पेयांना अपयशी आयुष्यावरची नावे दिली. रांगा लागल्या. २०२१ मध्ये आडवे पडून राहण्याची, म्हणजे धावपळीतून अंग काढून घेण्याची भाषा पसरली, तेव्हा मात्र सरकारी वृत्तपत्रांना ती मानवली नाही.

जून २०२३ मध्ये शहरांतल्या १६ ते २४ वयोगटाची बेरोजगारी २१.३ टक्के नोंदली गेली, आणि ऑगस्टमध्ये हा आकडा प्रसिद्ध करणेच काही महिन्यांसाठी थांबवले गेले. त्यानंतरच्या महिन्यात थेट प्रक्षेपणातून माल विकणारा सुप्रसिद्ध विक्रेता ली जियाछी ७९ युआनची, म्हणजे साधारण नऊशे रुपयांची, भुवयांची पेन्सिल विकत होता. महाग आहे, असे एका ग्राहकाने लिहिल्यावर त्याने उलट विचारले की इतक्या वर्षांत पगार का वाढला नाही, नीट काम केले का. त्याच रात्रीपासून खवळलेल्या लोकांसमोर त्याला रडून माफी मागावी लागली. संधी साधून एका जुन्या देशी शांपू कंपनीने ७९ युआनमध्ये मोठमोठे संच विकायला काढले.

चिनी जाहिरातीही दुसऱ्यांना साच्यात बसवतात. २०१६ मध्ये छियाओबी या धुलाईच्या मालाच्या जाहिरातीत चिनी तरुणी काळ्या पुरुषाला वॉशिंग मशीनमध्ये कोंबते आणि आतून उजळ कांतीचा चिनी तरुण बाहेर येतो. कल्पना एका इटालियन जाहिरातीवरून उचललेली होती. आपल्याकडे पाहायचे तर मराठी वाचकापुढे चिनी माणसाचे जे चित्र येते त्यात फारसा तरुण नाही. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरच्या चायनीजच्या लाल गाड्यांवर ब्रशच्या फटकाऱ्यांसारखी अक्षरे आणि ड्रॅगन तेवढा असतो. २०१६ मध्ये विवो आयपीएलशी आणि २०१७ मध्ये ओप्पो भारतीय संघाच्या जर्सीशी जोडली गेली तरी त्यांच्या इथल्या जाहिरातींत चेहरे क्रिकेटपटूंचे आणि हिंदी नटांचेच होते. चिनी कंपन्यांनी भारतात चिनी तरुण दाखवणे टाळले, हीसुद्धा प्रतिमेची एक निवड आहे.

जाहिरातीतून वगळलेले तरुण मोजले तर चित्राचा मोठा भाग रिकामा निघतो. शेती सोडून इतर कामाला लागलेल्या ग्रामीण मजुरांची संख्या चीनमध्ये २०२३ मध्ये २९ कोटींहून जास्त होती. शेनझेनच्या कारखान्यात फोन जुळवणारी मुलगी त्या फोनच्या जाहिरातीत नसते. तिच्या वयाची जी असते ती कॉफीच्या दुकानात बसलेली असते. अन्न पोहोचवणारे स्वार जाहिरातीत येतात ते वादळात हसतमुखाने गरम डबा देणारे म्हणून. तालुक्याच्या गावातली आणि खेड्यातली मुले क्वाइशौसारख्या मंचांवर स्वतःचे व्हिडिओ टाकू लागली, तेव्हा त्यांनाही गावंढळ म्हणून नवा साचा मिळाला, आणि नंतर त्याच मंचावर साबण व नूडल्स विकायला बाजार पोहोचला.

अभ्यासाचे साधनही निसटते आहे. चीनचा जाहिरात कायदा १९९५ मध्ये लागू झाला आणि २०१५ मध्ये बराच कडक झाला. राष्ट्रीय प्रतिष्ठेला धक्का देणारी, वंश, धर्म किंवा लिंगावरून भेदभाव करणारी जाहिरात त्यात निषिद्ध आहे, आणि दहा वर्षांखालच्या मुलाला मालाची शिफारस करता येत नाही. वाद होताच जाहिरात मूळ जागेवरून नाहीशी होते. हाती उरतात स्क्रीनशॉट, माफीपत्रे आणि रागाच्या टिप्पण्या. त्यामुळे ज्या जाहिरातींवर भांडण झाले त्यांचीच नोंद जास्त राहते, आणि कोणालाही न खुपलेल्या हजारो जाहिरातींतला नेहमीचा साचा नजरेआड होतो. पूर्वी एकाच टीव्हीसमोर सगळा देश बसत असे. आता वसतिगृहाच्या एकाच खोलीतल्या दोघांच्या फोनवर वेगवेगळ्या जाहिराती येतात, प्रत्येकाच्या आधीच्या खरेदीवरून ठरलेल्या. एका पिढीचे चित्र शोधायचे तर अभ्यासकाला आता एकेका फोनच्या पडद्यावर काय येते ते पाहावे लागते.